एकशेसाठ फाकी

पालम
ता. २ नोव्हेंबर १९७९

कावेरी, सुखी ऱ्हा. दिनकररावांना रामराम. मंगलला सांग, मामा आठवण काढतोय.

आप्पांच्या मागं पहिलीच दिवाळी. दिवा लावला, गोड केलं न्हाई. आई जेवते, पण बोलत न्हाई.

परवा आप्पांची खोली झाडायला घेतली. लाकूड कातायच्या खरादीच्या मागं, भिंतीला टेकून एक पोतं सापडलं. तोंड सुतळीनं शिवलेलं. मला वाटलं, जुनी लाटणी-रव्या असतील. उसवून बगतो तर लाकडाचे तुकडे. एका बाजूनं रुंद, दुसऱ्या बाजूनं अरुंद, संत्र्याच्या फाकीवानी. बाभूळ, साग, शिसव, आंबा, सगळं मिसळलेलं. मी म्हनलो, बरं झालं, न्हाणीच्या चुलीला आठ दिवस पुरंल. दोन घमेली भरून न्यायलतो, तर आई आडवी आली. पोत्यावर बसूनच ऱ्हायली. "आधी मला जाळ," म्हनली.

कावेरी, तुझ्यापासून काय लपवू? शेवटची दोन सालं मी आप्पांला खरादीवर बसू दिलं न्हाई. त्यांनी पलंगाचा एक पाय जाड अन् एक बारीक कातला, गिऱ्हाइकानं चारचौघांत वापस केला. तवापासून मी गावभर सांगत फिरलो, आमच्या आप्पांच्या दिमागावर परिणाम झालाय. ते मागच्या पडवीत बसून हे तुकडे कापायचे. मला वाटायचं, लेकरावानी खेळायलेत. एक डाव मी त्यांच्या हातातली करवत वढून घेतली. त्या दिवसापासून श्रावणात डोळे मिटेपर्यंत ते माझ्याशी बोलले न्हाईत.

तू मॅट्रिक झालेली हायस. हे तुकडे कशाचे हायेत, का कशाचेच न्हाईत, येवढंच मला सांग. कशाचेच नसतील तर मी खोटं बोललो न्हाई. अन् कशाचे असतील तर माझं काय, ते मारुतीलाच ठावं.

रंगनाथ


॥ श्री ॥
सेलू, ता. ९ नोव्हेंबर १९७९

दादा, तुझ्या आणि आईच्या पायावर डोकं ठेवते.

पत्र काल सकाळी मिळालं. पोथी उघडलेली तशीच राहिली. आधी सांगते, एकही तुकडा जाळू नको. दोन घमेली चुलीपाशी नेली होतीस म्हणतोस, ती तशीच परत आणलीस का? मोजून घे. आईला म्हणावं, पोत्यावरून ऊठ, कावेरीनं सांगितलंय.

आता मी सांगते तसं कर. अंगण सारवून घे आणि तुकडे पसर. त्यांच्यावर काही खुणा आहेत का बघ. आप्पांना अक्षर येत नव्हतं, पण लाकडावर खूण केल्याशिवाय त्यांनी कधी करवत लावली नाही. मी लहान असताना ते माप सांगायचे आणि मी पाटीवर लिहायची. मग एकसारख्या तुकड्यांचा एक ढीग, असे ढीग कर. प्रत्येक ढिगातल्या तुकड्याची रुंद बाजू टेपनं मोज. इंच आणि सूत, दोन्ही लिही. अंदाजानं लिहू नकोस, तुझी खोड मला माहीत आहे.

तू लिहिलंस त्यानं मला रडू आलं. पण तुला बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. का, ते पुढच्या पत्रात लिहीन. आज धीर होत नाही.

कावेरी


पालम
ता. २० नोव्हेंबर १९७९

कावेरी,

मोजले. एकशेसाठ भरले. न्हाणीपासले धरून. एकबी जळाला न्हाई, आईची पुण्याई.

खुणा हायेत. पोटाच्या बाजूला वाकसाच्या धारेनं पाडलेल्या बारीक चिरा. एक चीर, दोन चिरा, अशा नऊपर्यंत. एका चिरेचे सोळा तुकडे, दोन चिरांचे सोळा, असे नऊ ढीग. दहावा ढीग बिनचिरेचा, त्याचे तुकडे पार टोकदार, भाकरीच्या चतकोरापेक्षाबी निमुळते. तेबी सोळाच. आणखी बारक्या चिरा दुसऱ्या अंगाला हायेत, पण त्या वाकड्यातिकड्या. करवत घसरल्याच्या वाटतात. हात कापायचा त्यांचा.

एक चिरेचा तुकडा पावणेतीन इंच. चार चिरेचा चार इंच एक सूत. नऊ चिरेचा साडेपाच इंच. मधले सगळे मागं लिहिलेत. जाडी सगळ्यांची इंचभर. एकातबी फरक न्हाई. हे मला आवडलं न्हाई, कावेरी. खेळणाऱ्याची जाडी अशी येत नसती.

मारुतीच्या देवळाचे पंच माणिकराव वाड्यावरून जायलते, अंगणात बगून थांबले. "काय रंगनाथ, बापाचा बाजार मांडलास का?" म्हनले. मी हासलो. काय करू?

रंगनाथ


॥ श्री ॥
सेलू, ता. १ डिसेंबर १९७९

दादा,

हे पत्र बसून वाच. आईला जवळ बसव आणि मोठ्यानं वाच.

तुझी मापं मी वहीत उतरवली. सोळा तुकडे कडेला कडा लावून ठेवले तर एक गोल कडं होतं. साडेपाच इंचाचे सोळा म्हणजे अठ्ठ्याऐंशी इंच घेर. घेरावरून रुंदी काढायची रीत शाळेत शिकलेली, बावीस सप्तमांशाची. अठ्ठावीस इंच आले, नेमके, खाली काही उरलं नाही. पावणेतीनाचे सोळा, तर चौदा इंच. चार इंच एक सुताचे, तर एकवीस. दादा, माझा हात थांबला. मी आयुष्यात गणितं केली ती किराणा-दुधाची, त्यांतसुद्धा काहीतरी उरतंच. इथं काही उरलं नाही.

मग मंगलच्या आलेखाच्या कागदावर खालपासून एकेक कड्याची रुंदी आखली. एकावर एक नऊ रेघा. त्यांची टोकं जोडली. काय दिसलं सांगू? खाली निमुळती, पोटाला गोल, काठाला जराशी बाहेर झुकलेली. काठवट. आपल्या मारुतीच्या सप्ताहात ज्यात काला कालवायचे, ती. पणजोबांनी एका खोडातून कातलेली, जी फुटली म्हणून पंचांनी ॲल्युमिनियमचं घमेलं आणलं. त्या वर्षी आप्पा काल्याला गेले नव्हते, आठवतं? टोकदार सोळा तुकडे तिचा तळ आहेत. सोळा टोकं मध्यावर एका ठिपक्यात मिळणार. मी तो कागद देवापाशी ठेवला आणि हळदकुंकू वाहिलं. दुसरं काय करणार होते?

आता माझं ऐक. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी कुणाकडून तरी मला एक कार्ड लिहून पाठवलं होतं. त्यात एवढंच: "अठ्ठावीस इंची गोलाचे सोळा भाग केले तर एकाची लांबी किती? लवकर कळव." त्याच्या आदल्याच पत्रात तू लिहिलं होतंस की आप्पा काहीबाही बडबडतात, मनावर घेऊ नको. मी मनावर घेतलं नाही. उत्तर दिलं नाही. एका वाक्याचं उत्तर होतं, दादा.

मग त्यांनी ते कसं काढलं असेल? विचार करकरून मला एवढंच सुचलं की परातीभोवती दोरी गुंडाळली आणि ती दुमडली. एकदा दुमडली की दोन, मग चार, आठ, सोळा. म्हणून सोळाच. ज्याला पाढे येत नाहीत त्यानं दोरीनं केलं, आणि माझं बावीस सप्तमांश त्याच्यापाशी जाऊन उभं राहिलं.

सोबत पुठ्ठ्याचा एक कोन कापून पाठवते. सोळा तुकड्यांचं कडं बरोबर मिळायचं तर प्रत्येक टोकाला सव्वाअकरा अंश हवेत. कोनमापकानं तीनदा तपासलाय. तुकडे ताडून बघ.

कावेरी


पालम
ता. १८ डिसेंबर १९७९

कावेरी,

पत्र उशिरा मिळालं. नामांतराच्या मोर्च्यांनी एसट्यांचा भरवसा न्हाई.

वाचून दाखवलं. आईनं पदर डोक्यावरून घेतला. मी उठून बाहेर गेलो.

मग कामाला लागलो. चौथं कडं मांडलं, बाभळीचं. सोळा तुकडे गोल लावले, तर एका जागी बोट जाईल येवढी फट. हलवून बगितलं, तर फट दुसऱ्या जागी. तुझा पुठ्ठा लावला. एकबी तुकडा पुठ्ठ्याला लागत न्हाई! कुठं जास्त, कुठं कमी. मला वाटलं, मनात होतं खरं पण हातानं साथ दिली न्हाई म्हाताऱ्याला. वाईट वाटलं, अन् खोटं कशाला सांगू, जरासं बरंबी वाटलं. मी अगदीच खोटं बोललो न्हवतो.

मग मी सुधारायला घेतलं. पुठ्ठा लावून कानस मारली, सोळाच्या सोळा तुकड्यांना. कडं बराबर मिळालं. पण आता ते लहान झालं. पाचव्या कड्याच्या खाली ठेवलं तर चहूकडून अर्धं बोट आत. पोटात खळगा पडल्यावानी दिसतंय.

आता पाचव्यालाबी तशीच कानस मारू का? म्हंजे सगळीच लहान होतील, चालंल.

रंगनाथ


॥ श्री ॥
सेलू, ता. २४ डिसेंबर १९७९

दादा, कानस खाली ठेव. हे पत्र हातात असेल तिथेच थांब.

चूक माझी आहे. मी पुठ्ठा पाठवायला नको होता. रात्रभर तेच डोक्यात होतं आणि सकाळी तुळशीला पाणी घालताना उमगलं. सोळा तुकड्यांची बत्तीस टोकं. प्रत्येक टोकाला केसभर चूक झाली तर कड्यात बत्तीस केसांची फट पडते. जगातला कुठलाही कारागीर बत्तीस टोकं पुठ्ठ्यावरून सारखी कापू शकणार नाही. आप्पांना ते माहीत होतं. त्यांनी सगळे तुकडे सारखे केलेच नसतील. एक कापला, त्याच्या शेजारी बसेल असा दुसरा घासला, दुसऱ्याच्या शेजारी तिसरा. जिथं एक जास्त तिथं शेजारचा कमी. म्हणजे प्रत्येकाची जागा ठरलेली. तू ते मिसळून लावलेस म्हणून फट पडली.

करवत घसरल्याच्या खुणा म्हणालास त्या परत बघ. मला त्या घसरलेल्या वाटत नाहीत. आणि त्या आईला दाखव, शेवटी तीच त्यांच्याजवळ असायची. माझ्याकडे नको पाठवूस. मला फक्त शाळेतलं कळतं.

कावेरी


पालम
ता. १६ जानेवारी १९८०

कावेरी, तिळगूळ घे.

आईला दाखवल्या. तिला दिसत न्हाई नीट, तिनं अंगठ्यानं चाचपलं. "चार उभ्या, एक आडवी. पाच झाले. ही तर माझी रतिबाची खूण," म्हनली. भिंतीवर दुधाची मापं मोजायची न्हाई का ती, तशी. "हा पाचवा. हा अकरावा. आण दुसरा." असं करत तिनं पाचव्या कड्याचे सोळा तुकडे माझ्या हातात ओळीनं दिले. मी लावत गेलो. सोळावा बसंना. जरा दाबला, तर टक् असा आवाज आला अन् बसला.

कावेरी, मी ते कडं दोरीनं आवळून दारात नेलं, उन्हाकडं धरलं. सोळा सांधे. एकातूनबी उजेड येईना. मी उलटं केलं, फिरवलं. न्हाई. चाळीस सालं खराद फिरवायलोय मी, असला सांधा माझ्या हातून एक न्हाई झाला. मी ते कडं खाली ठेवू शकलो न्हाई, तसंच धरून उभा ऱ्हायलो. आई म्हनली, "हात दुखतील."

मी इचारलं, तुला ठावं होतं तर बोलली का न्हाईस? ती म्हनली, "तू इचारलंस कवा? अन् त्यांनी सांगितलं होतं, सप्ताहाला देवळात नेईपर्यंत कुनाला बोलू नको. म्हनायचे, येवढ्या पोटाचं झाड आता तालुक्यात उरलं न्हाई. म्हनून मी जोडून झाड करायलोय."

अन् चिकटवायचं काय? सुताराचा सरस पाण्यानं सुटतोय. त्याचंबी आईलाच ठावं. ते रोज वाटीभर दही फडक्यात पिळून मागायचे, ताकाचा अंश ऱ्हाऊ द्यायचे न्हाईत. त्यात पानाचा चुना खलायचे. तिला वाटायचं, पोटासाठी खातात. मी दोन फळ्या तसल्या लेपानं जोडून चार दिवस रांजणात बुडवल्या. निघाल्या तशाच जोडलेल्या.

चौथं कडं मी नासवलं, ते मलाच करावं लागंल. जुन्या गाडीचं बाभळीचं जू हाय, त्यातून काढतो. पुठ्ठा चुलीत घातला, राग मानू नको.

फक्त माणिकराव. मी सांगायला गेलो तर म्हनले, "तुकड्यांचं भांडं? जोडलेलं म्हंजे फुटकंच की रे. फुटकं भांडं देवापुढं चालतंय का?" त्यांला काय सांगू, तूच कळव.

रंगनाथ


॥ श्री ॥
सेलू, ता. २५ जानेवारी १९८०

दादा,

तुझं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. सोळावा तुकडा बसला ती ओळ ह्यांनी पुन्हा वाचली. हे कधी कशानं हलत नाहीत, तुला माहीत आहे.

माणिकरावांना माझ्याकडून सांग: फुटकं म्हणजे जे एक होतं आणि वेगळं झालं. हे वेगळं होतं आणि एक झालं. दोन्हीला एकच नाव कसं द्यायचं? तरी ते पंच आहेत, वाद घालू नको. पाणी भरून परीक्षा घ्या म्हण.

मला येता येणार नाही. मंगलची दहावी त्याच दिवसांत आहे. काल्याच्या दिवशी मी इथं मारुतीला रुईची माळ घालीन.

एकच विचारते. चौथं कडं करताना घाई करशील का? करू नकोस. एका तुकड्याला एक दिवस लागला तरी लागू दे. आप्पांना दोन वर्षं लागली, आणि आपण दोघं त्या दोन वर्षांत त्यांच्याशी कसं वागलो ते आपल्याला माहीत आहे.

कावेरी


पालम
ता. २ एप्रिल १९८०

कावेरी,

आता सगळं सांगतो, दमानं.

चौथ्या कड्याला सोळा न्हाई, एकवीस दिवस लागले. पाच तुकडे टाकावे लागले. दहा थर लेप लावून एकावर एक रचले, प्रत्येक थराचा सांधा खालच्या तुकड्याच्या मध्यावर, विटांवानी. वर दगड ठेवून महिनाभर सुकू दिलं. मग खरादीवर चढवलं. दोरी ओढायला शेजारचा सूर्यभान होता. तो म्हनला, "रंगनाथ, पटाशी अडकली तर एकशेसाठ गोळ्या सुटतील, मी आधी चप्पल घालतो." हासलो दोघंबी.

पटाशी लावली. आधी खडखड. मग आवाज गुळगुळीत झाला. अन् कावेरी, कीस असा निघाला की अर्धा काळा, मग पिवळा, मग लाल, एकाच लांब फितीत. शिसव, आंबा, बाभूळ. तुझ्या कागदावरला आकार माझ्या पटाशीखाली यायलता अन् मी तो करत न्हवतो. तो तिथं आधीच होता. मी फक्त वरचं काढत गेलो. तळाला आतून बगितलं, तर सोळा टोकं एका तिळात मिळालेली. मी खराद थांबवली. सूर्यभाननं टोपी काढली.

परवा काल्याला काठवट डोक्यावरून नेली. माणिकराव म्हनले, पाणी भरा, कीर्तन संपेपर्यंत ठेवा. सगळ्यांदेखत चार घागरी वतल्या. कीर्तनात काय सांगितलं ते मला इचारू नको. माझं ध्यान काठवटीच्या बुडाखाली अंथरलेल्या पांढऱ्या फडक्यावर.

कीर्तन संपलं. माणिकरावांनी वाकून बगितलं. फडक्यावर एक ओला ठिपका होता, रुपयायेवढा. त्यांनी बोट फिरवत फिरवत वर नेलं अन् चौथ्या कड्यावर थांबले. तिथं एका सांध्यातून थेंब यायलता, हळू. बाकी सगळं कोरडं. चौथ्याच्या खालची तीन कडी अन् तळ, ज्यांच्यावर पाण्याचा सगळ्यात जास्त भार, तीबी कोरडी ठाक.

"हे कडं कुनाचं?" म्हनले.

मंडप भरलेला. बायाबी होत्या. मी म्हनलो, "माझं. बाकीची आप्पांची. ज्यांला मी दोन सालं येडं म्हनत फिरलो, त्यांची." काठवटीवर हात ठेवून म्हनलो, "त्यांचं चौथं कडंबी बराबर होतं. ते मी नासवलं."

माणिकरावांनी पाण्यात हात घालून आतून फिरवला, तळाच्या तिळावर बोट ठेवलं. म्हनले, "तुझ्या बापानं, लिंबाजीनं मला इचारलं होतं, नवी काठवट केली तर घेशील का म्हनून. मी म्हनलो होतो, आधी शुद्धीवर ये." मग उठले अन् पोरींवर वरडले, "बगता काय? पाणी वतून टाका अन् दही आणा. दही पाण्याहून घट्ट असतंय, गळत न्हाई."

लाह्या, दही, लोणचं, सगळं त्यात पडलं. पहिला घास माणिकरावांनी आईच्या हातावर ठेवला.

घरी आलो तवा माझं काही खरं न्हवतं. पडवीत बसलो, जिथं ते बसायचे तिथं. आई काठवट धुवायलती. मी म्हनलो, माझ्याच कड्यातून गळालं, आई. सगळ्या गावानं बगितलं. ती म्हनली, "बरं झालं. गळालं नसतं तर तुला कुनी इचारलं नसतं, अन् तू सांगितलं नसतंस."

मग म्हनली, "बसू नको असा. हिला सावलीत पालथी घाल. उन्हात न्हाई."

घातली. आता ती पालथी हाय अन् मी तिच्याशेजारी बसून हे लिहायलोय. मंगलची परीक्षा झाली की ये. हात लावून बग.

रंगनाथ